१९ आणि २२ वर्षांची मुलं चार महिने घरी एकटी राहणार: स्वसंरक्षणासाठी घरात काय ठेवावं?

घोडबंदर_दुसरा_मजला

जूनपासून चार महिने आम्ही दोघं गावी असणार. ठाण्याच्या घरात मुलगी (१९, कॉलेज) आणि मुलगा (२२, ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरी) राहतील. मुलाला महिन्यातले दोन आठवडे रात्रपाळी असते. त्या आठवड्यांत रात्री मुलगी पूर्ण एकटी.

घर घोडबंदर रोडला, दुसरा मजला, टू बीएचके. मुख्य दार लाकडी फ्लश डोअर, आत उघडणारं. बाहेर लोखंडी जाळीचं सेफ्टी डोअर, ते पॅसेजमध्ये उघडतं. मुख्य दाराला लॅच आणि वर एक टॉवर बोल्ट (आतून सरकवायची उभी कडी). बेडरूमच्या दारांना गोल मुठीची लॉकं. खिडक्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या. ग्रिल फक्त बेडरूमना, हॉलच्या खिडकीला नाही. स्वयंपाकघराची ड्राय बाल्कनी पाइपच्या डक्टला लागून. गेटवर एक वॉचमन आणि वही, ॲप वगैरे नाही.

मुलाला ऑनलाइन मिळणारी फोल्डिंग स्टीलची काठी हवी आहे, शिवाय उशाशी बॅट ठेवू म्हणतो. मुलीला पेपर स्प्रे हवा आहे. नात्यातल्या एकांनी शॉक देणारा टॉर्च सुचवला, दुसऱ्यांनी थेट रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज करा म्हणून सांगितलं. पंधरा ते वीस हजार खर्चाची तयारी आहे. ते कशावर आणि कुठल्या क्रमाने खर्च करावेत?

---

कडीकोयंडा

ताई, हत्याराचा विचार जरा थांबवा. तुमच्या यादीत सगळं आहे, फक्त दार नाही. आत घुसणारा माणूस दारावर दोन मिनिटं अडकला, तर तेवढ्या वेळात फोन होतो, शेजारी उठतात, वॉचमन वर येतो. दार दहा सेकंदांत उघडलं तर हातात काहीही असून उपयोग कमी. बजेटचा मोठा भाग सुतार आणि फॅब्रिकेटरकडे जाऊ द्या.

मुख्य दारापासून सुरुवात करा. दार नुसतं ओढून घेतल्यावर लागतो तो लॅचचा तिरका, स्प्रिंगवरचा दांडा. पातळ पट्टी सरकवून तो मागे ढकलता येतो. किल्ली किंवा आतली मूठ पूर्ण फिरवल्यावर जो चौकोनी दांडा बाहेर येतो, तो खरा अडसर. मुलांना पहिली सवय हीच लावा: दुपार असो की रात्र, आत आलं की दांडा पूर्ण फिरवायचा.

दांडा कितीही जाड असला तरी लाथ बसल्यावर तुटतो तो दांडा नाही, दांडा ज्यात शिरतो ती चौकटीवरची पट्टी उपटून येते. ती पट्टी बहुतेक घरांत अर्ध्या-पाऊण इंची स्क्रूंवर उभी असते. ते काढून तीन इंची स्क्रू मारून घ्या, म्हणजे ते लाकडी चौकट ओलांडून भिंतीत जातात. आधी लाकडात बारीक भोक पाडायचं, नाहीतर चौकट चिरते. मागे काँक्रीट लागलं तर ड्रिलने भोक पाडून गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी) बसवायची. तुमची चौकट ग्रॅनाइटची किंवा पत्र्याची असेल तर मात्र सुताराला हात लावू देऊ नका. तिथे फॅब्रिकेटरकडून लोखंडी पट्टी अँकरने बसवून घ्यायची.

टॉवर बोल्ट एकच आहे म्हणालात. खाली आणखी एक लावा, आठ इंची, जाड दांड्याचा. फरशीत भोक पाडताना टाइलचं बिट वापरायचं आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, नाहीतर विट्रिफाइड टाइलला तडा जातो. भोक किमान एक इंच खोल हवं. सुतार अर्ध्या इंचावर थांबतात. समोर उभं राहून मोजून घ्या.

सेफ्टी डोअर बाहेर उघडतं, म्हणजे त्याच्या बिजागऱ्या पॅसेजमध्ये आहेत. पिन वेल्ड केलेली नसेल तर खालून ठोकून बाहेर निघते आणि कुलूप तसंच राहून दार उतरतं. प्रत्येक बिजागरीच्या पिनला दोन्ही टोकांना वेल्डिंगचा ठिपका मारून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. आतली कडी जाळीतून हात घालून निघते का, तेही हात घालून बघा. निघत असेल तर कडीच्या भोवती वीतभर रुंदीचा पत्रा जाळीवर मारायचा.

किल्ल्या मोजा. कामवाल्या ताई, शेजारी, जुने भाडेकरू, रंगकाम करणारे, कोणाकडे कधी किल्ली गेली होती याचा हिशेब लागत नसेल तर कुलपाचं सिलिंडर (किल्ली घालायचा भाग) बदला. मॉर्टाइज कुलूप (दाराच्या जाडीत कोरून बसवलेलं) असेल तर दाराच्या कडेचा मधला लांब स्क्रू काढला की सिलिंडर बाहेर येतं. त्या स्क्रूपासून दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर मोजा आणि त्याच मापाचं आणा. नवं सिलिंडर मुठीच्या पट्टीच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावता कामा नये, कारण बाहेर आलेलं टोक पक्कडने धरून मोडता येतं.

हॉलच्या सरकत्या खिडकीची गंमत अशी की आतली खिटी लावलेली असतानाही अख्खं शटर (सरकता पल्ला) वर उचलून रुळातून काढता येऊ शकतं. वरच्या रुळात, शटर बंद असताना त्याच्या डोक्यावर येईल अशा जागी एक-दोन स्क्रू मारा, म्हणजे वर उचलायला फट राहत नाही. खालच्या रुळात मापाची लाकडी पट्टी टाका, शटर सरकणार नाही. ग्रिल लावणार असाल तर दहा किंवा बारा मिलिमीटरचा चौकोनी बार, दोन बारांत चार इंचांपेक्षा जास्त फट नको. तारांचं 'इनव्हिजिबल ग्रिल' मुलं पडू नयेत म्हणून असतं, चोरासाठी नाही. ती तार कटरने तुटते.

ड्राय बाल्कनी ही तुमच्या घराची सगळ्यात कच्ची बाजू आहे. डक्टचे पाइप म्हणजे शिडीच. बाल्कनीला ग्रिल आणि स्वयंपाकघरातून बाल्कनीत उघडणाऱ्या दाराला आतून कडी, दोन्ही हवं.

आता बेडरूम. गोल मुठीच्या लॉकला बाहेरून नाण्याची खाच किंवा सुईचं भोक असतं, ते कोणीही उघडतं. मुलीच्या खोलीला आतून वर आणि खाली टॉवर बोल्ट लावा. मुख्य दार पडलं तर ही दुसरी भिंत. बाथरूममध्ये लपायचं नाही, तिथलं पीव्हीसीचं दार एका धक्क्यात वाकतं आणि फोनला रेंजही नसते.

---

मॅटवरची

वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. मी फक्त हातात काय धरायचं त्याबद्दल लिहिते.

बॅट: फुल साइज बॅट जवळजवळ तीन फूट लांब. तुमच्या बेडरूमबाहेरचा पॅसेज किती रुंद आहे? बहुतेक टू बीएचकेमध्ये तीन-सव्वातीन फूट. तिथे बॅट आडवी फिरतच नाही, भिंतीला लागते आणि समोरचा ती धरतो. फोल्डिंग काठीचंही तेच. शिवाय स्वस्त काठ्यांचा सांधा फटका बसल्यावर आत सरकतो. काठी चालवायला शिकलेला माणूससुद्धा ती जागेसाठी वापरतो, समोरच्याला लांब ठेवायला. न शिकलेल्याच्या हातून ती तीन सेकंदांत दुसऱ्याकडे जाते. स्वयंपाकघरातली सुरीही तशीच: वापरायला हातभर जवळ जावं लागतं आणि तिथे ताकद जास्त असणारा जिंकतो.

शॉकचा टॉर्च: अंगाला टेकवून धरावा लागतो, तोही काही सेकंद. जीन्स किंवा जाड शर्टावरून परिणाम घटतो. खोक्यावर लिहिलेल्या लाखो व्होल्टना काही अर्थ नाही. नका घेऊ.

पेपर स्प्रे चांगला आहे, पण घरातल्या वापरासाठी नीट निवडा. फवारा (धुक्यासारखा पसरणारा) दहा बाय दहाच्या खोलीत मारलात तर मारणाराही खोकत बसतो. घरासाठी जेल किंवा सरळ धार पडणारा घ्या. जेल डोळ्यात जायला क्षणभर जास्त लागतो, पण हवेत पसरत नाही आणि पंखा चालू असला तरी उलट कमी येतो. मारायचं अंतर दीड ते दोन मीटर, नेम डोळ्यांवर, एकेक सेकंदाचे दोन-तीन फटकारे कानापासून कानापर्यंत आडवे. मारल्यावर तिथेच उभं राहायचं नाही, लगेच बाजूला सरकून दारातून बाहेर. समोरच्याचे डोळे मिटले तरी हात चालू असतात. दारू प्यायलेला किंवा हेल्मेट घातलेला माणूस लगेच थांबेल असंही धरू नका.

बाकी बारकावे, जे दुकानदार सांगत नाही:

डबा आणल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला आणि वजन डब्यावर मार्करने लिहा. दर दोन महिन्यांनी परत तोला. चार-पाच ग्रॅम कमी भरला तर गॅस गळतोय, ऐन वेळी नुसती गुळणी टाकेल.

मुदत बघूनच घ्या. दोन डबे घ्या, एक सरावाला. मोकळ्या मैदानात, वाऱ्याकडे पाठ करून, अर्धा सेकंद मारून बघा. सुरक्षा खिटी अंधारात अंगठ्याने सरकवता आली पाहिजे. हा सराव केला नाही तर घाबरलेल्या हाताला खिटी सापडत नाही.

स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, उन्हात दाबाखालचा डबा तापतो. मिरची पूड पाण्यात कालवून घरी बनवू नका. कण नोझलमध्ये अडकतात आणि पाणी आठवड्यात आंबतं. विमानात केबिन बॅगेत चालत नाही, हेही मुलांना सांगून ठेवा.

चुकून स्वतःला लागला तर चोळायचं नाही, तेल-तूप लावायचं नाही. आधी साबणाने हात धुवायचे, कारण अर्क तेलकट असतो आणि नुसत्या पाण्याने पसरतो. मग वाहत्या गार पाण्याखाली डोळे उघडझाप करत पंधरा मिनिटं. लेन्स असतील तर हात धुतल्यावर लगेच काढून टाकून द्यायच्या. जळजळ साधारण अर्धा-पाऊण तासात उतरते.

प्रशिक्षण: दोन दिवसांच्या कार्यशाळेवर पैसे घालू नका. तिथे शिकलेलं दोन महिन्यांत हातातून जातं. ज्युदो, जिउ-जित्सू, बॉक्सिंग, जे घराजवळ असेल ते, आठवड्यातून दोनदा, किमान चार महिने. क्लास निवडताना एकच गोष्ट बघा: जोडीदार खरोखर विरोध करतो का? नुसते हवेत ठोसे किंवा ठरवून पकडलेलं मनगट सोडवणं असेल तर दुसरा क्लास शोधा. मुलीला आधी तीन गोष्टी आल्या पाहिजेत: जमिनीवर पडल्यावर पाय समोरच्याकडे ठेवून उठणं, कोपर पुढे करून अंतर राखणं, आणि पोटातून ओरडणं. ओरडायचं तेही नेमकं, "वाचवा" नाही, तर "तीनशे दोन! काका, दार उघडा!" असं शेजाऱ्याचा फ्लॅट नंबर घेऊन. नाव घेतलं की माणूस उठतो.

---

वाशी_खाडीपूल

फोनबद्दल थोडक्यात. ११२ हा एकच नंबर दोघांना पाठ हवा. महिलांसाठी १०९१ आणि १८१ आहेत, पण दारावर माणूस असताना ११२. स्मार्टफोनचं पॉवर बटण पटापट दाबून आपत्कालीन कॉल लागतो. किती वेळा दाबायचं ते फोनप्रमाणे बदलतं (तीन किंवा पाच), म्हणून सेटिंगमध्ये जाऊन दोघांच्या फोनवर चालू करून ठेवा.

पत्ता बोलून सराव करा. घाबरल्यावर माणूस "डी-मार्टच्या मागे" म्हणतो. क्रम ठरवा: शहर, रस्ता, सोसायटी, विंग, मजला, फ्लॅट. तुमच्या मुलाने ऐरोलीतून फोन केला तर तिथे हे जास्त महत्त्वाचं, कारण नवी मुंबईत प्रत्येक नोडमध्ये (ऐरोली, नेरूळसारख्या विभागात) सेक्टर १, २, ३ परत सुरू होतात. "सेक्टर ५" एवढंच म्हटलं तर ते नेरूळही असू शकतं आणि ऐरोलीही. ऐरोली ठाणे जिल्ह्यात असली तरी पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं आहे. तक्रार देताना "आमच्या हद्दीत नाही" असं ऐकायला लागलं तर शून्य क्रमांकाने एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा) नोंदवा म्हणायचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती सोय आहे.

---

वकील_नौपाडा

कायद्याचं मी सांगतो, कारण काठी आणि रिव्हॉल्व्हरवर ते कोणी लिहिलेलं नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खासगी संरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे (आधी भारतीय दंड संहितेत ९६ ते १०६). दोन मर्यादा मुलांना समजावून सांगा. एक, पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही आणि संरक्षणासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही, हे कलम ३७. दोन, शरीराला धोका वाटायला लागला की हक्क सुरू होतो आणि तो धोका संपला की संपतो, हे कलम ४०. पळून चाललेल्याच्या मागे जिन्यात धावून डोक्यात बॅट घातली तर बचाव अवघड होतो. सूर्यास्तानंतर घर फोडून आत शिरलेल्याविरुद्ध कायदा जास्त मोकळीक देतो (कलम ४१), पण तीही कलम ३७ च्या मर्यादेतच.

पेपर स्प्रेला परवाना लागत नाही. मात्र भांडणात कोणावर मारला तर तो गुन्हाच.

फोल्डिंग काठी घरात असणं वेगळं आणि बॅगेत घेऊन फिरणं वेगळं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त मनाई आदेश काढतात आणि त्यात शस्त्रं, सोटे, लाठ्या, काठ्या बाळगायला बंदी असते. ठाण्यात सणासुदीला, निवडणुकीला हे आदेश नेहमीचे. रात्रपाळीहून परतणाऱ्या मुलाच्या बॅगेत ती सापडली तर नोकरी करणाऱ्या मुलाला नसती झंझट.

रिव्हॉल्व्हर: शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे २१ वर्षांखाली परवाना नाही, त्यामुळे मुलीचा प्रश्नच मिटला. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नसतो. वडिलांच्या नावाचं शस्त्र कपाटात ठेवून तुम्ही गावी गेलात आणि मुलाने ते हातात घेतलं, तर तो विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा होऊ शकतो. चार महिन्यांसाठी त्या वाटेला जाऊच नका.

घटना घडलीच तर: ११२ ला आपण आधी फोन करायचा, फरशी पुसायची नाही, तुटलेली कडी बदलायची नाही, पंचनामा होईपर्यंत सगळं तसंच.

---

खारघर_सेक्टर१२

मुलांच्या वयाच्या बाजूने एक मुद्दा. दोघंही सज्ञान आहेत. घरात कॅमेरा लावू नका. हॉलमध्ये कॅमेरा असला की मुलं तो टॉवेल टाकून झाकतात आणि मग दाराबाहेरचाही बंद ठेवायची सवय लागते. कॅमेरा फक्त दाराबाहेर, आपल्या उंबरठ्याकडे वळवलेला, समोरच्या फ्लॅटचं दार चित्रात न येणारा. सेक्रेटरींना आधी सांगून लावा. मेमरी कार्डावर रेकॉर्ड होणारा घ्या आणि राउटरला आणि कॅमेऱ्याला छोटा यूपीएस जोडा, नाहीतर लाइट गेली की कॅमेराही गेला.

लोकेशनही चोवीस तास मागू नका. व्हॉट्सॲपवर थेट लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तासांसाठी देता येतं. रात्रपाळीला कॅबमध्ये बसल्यावर मुलाने एक तासाचं बहिणीला पाठवायचं, एवढा करार पुरेसा असतो. दोघांत एक साधा शब्द ठरवा, उदाहरणार्थ "दूध संपलंय". फोनवर तो ऐकला की समोरच्याने प्रश्न न विचारता ११२ लावायचं.

आणि धोका अनोळखी माणसाचाच असतो असं धरू नका. जुना मित्र, मैत्रिणीचा भाऊ, ओळखीचा दुरुस्तीवाला, असे लोक दार न फोडता आत येतात. "गॅस मीटर बघायचंय" म्हणणाऱ्याला एकटी असताना सेफ्टी डोअर उघडायचं नाही, ओळखपत्र दाखवलं तरी दुसऱ्या दिवशी भाऊ असताना या म्हणायचं. पार्सल वॉचमनच्या केबिनमध्ये. मुलीला हे सांगताना "तुला कळत नाही" असा सूर नको. नाही म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे, एवढं तुमच्या तोंडून तिने ऐकलं की ती दारात उभी राहून ठामपणे बोलते.

---

घोडबंदर_दुसरा_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार. काठी, टॉर्च, रिव्हॉल्व्हर सगळं रद्द. दोन शंका. मुलीला दमा आहे, इनहेलर असतो. तिने जेल स्प्रे वापरावा का? आणि सगळीकडे ग्रिल केलं तर आग लागल्यावर बाहेर कसं पडायचं?

---

मॅटवरची

दमा असेल तर मिरचीच्या अर्काने श्वासनलिका आवळू शकते, जेल असला तरी बंद खोलीत धोका आहे. तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका आणि सरावाचा फवारा तिने मारायचा नाही. तिच्यासाठी उलटा क्रम ठेवा: खोलीत जाऊन दोन्ही बोल्ट, ११२, आणि खिडकीतून पिन ओढून वाजणारा १२० डेसिबलचा अलार्म. तो आत वाजवून उपयोग नाही, आपलेच कान बधिर होतात आणि फोनवर बोलता येत नाही. पिन काढून ग्रिलच्या बाहेरच्या बाजूला दोरीने लटकवायचा. उशाशी इनहेलर, चार्जर, टॉर्च आणि घराच्या किल्ल्यांचा एक जोड, मोठ्या रंगीत की-चेनला लावून. पोलीस किंवा वॉचमन खाली आले की तो खिडकीतून टाकता येतो; मुख्य दाराचे आतले बोल्ट लागलेले नसतील तर तिला खोलीबाहेर यावं लागत नाही.

---

कडीकोयंडा

आगीचा प्रश्न विचारलात ते फार बरं झालं. प्रत्येक खोलीत नको, पण मुलीच्या बेडरूमच्या ग्रिलला एक उघडणारा भाग हवाच, किमान दोन फूट बाय अडीच फूट, आतून कुलूप. किल्ली खिळ्याला, खिडकीपासून हात पोचणार नाही इतकी लांब, पण त्याच खोलीत. महिन्यातून एकदा ते कुलूप उघडून तेलाचा थेंब सोडायचा. घोडबंदरच्या दमट हवेत चार महिने न उघडलेलं कुलूप गंजून बसतं. मुख्य दाराला आतून किल्लीनेच उघडणारं कुलूप अजिबात नको, धुरात किल्ली सापडत नाही.

दाराखाली सरकवायची अलार्मची पाचर मिळते, काही शे रुपयांत. तुमचं मुख्य दार आत उघडतं म्हणून ती चालेल, सेफ्टी डोअरला नाही. गुळगुळीत टाइलवर ती सरकते, म्हणून खाली पॉलिश पेपर उलटा चिकटवा, खरखरीत बाजू फरशीकडे. झोपताना लावायची आणि भाऊ पहाटे येणार असेल तर त्याने आधी फोन करायचा, नाहीतर अख्खी विंग जागी होईल.

सुतार मे महिन्यात उरकून घ्या, पण शेवटचे पैसे जुलैत द्यायचं ठरवा. पहिल्या पंधरा दिवसांच्या पावसात लाकडी दार फुगतं, बोल्ट भोकासमोर येत नाही आणि मुलं तो अर्धाच सरकवून ठेवतात. तेव्हा सुताराने परत येऊन पट्टीचं भोक कानशीने दोन-तीन मिलिमीटर वाढवून द्यायचं. दार रंधायला लावू नका, ऑक्टोबरात ते सुकलं की फट पडते.